मैदानावरचा पिवळा चतुर आणि त्याची पाणी आटायच्या आतली घाई

गणपती झाले की नवरात्रापर्यंत साताऱ्यात कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, शाळेचं असो, स्टँडमागची पडीक जागा असो नाहीतर माण-खटावकडचा नुसता माळ असो, ऊन जरा तिरकं झालं की माणसाच्या कमरेपासून लिंबाच्या शेंड्यापर्यंत पिवळसर चतुर घिरट्या घालताना दिसतात, आणि ते कुठं बसतच नाहीत, नुसते फिरत राहतात. वेगवेगळ्या जाती एकत्र जमल्यात असं वाटतं पण बहुतेक वेळा ही एकच जात असते. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स, इंग्रजीत वॉन्डरिंग ग्लायडर किंवा ग्लोब स्किमर म्हणतात, आणि १७९८ साली फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं हिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. मी पुढं सरळ भटका चतुर म्हणतो. जगात सगळ्यात जास्त पसरलेला चतुर हाच, अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर याची नोंद आहे, युरोपात मात्र क्वचितच.

इतका कॉमन असल्यामुळं याच्याकडं कोणी नीट बघत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. कारण या किड्याचं अख्खं शरीर, त्याचं जन्मणं-वाढणं, आणि पार समुद्र ओलांडून जाणं, हे सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे पाणी आटणार आहे. नदीचं बारमाही पाणी त्याला लागत नाही. पावसानं साचलेलं, महिना-दोन महिन्यांत नाहीसं होणारं डबकं त्याला हवं असतं. आणि साताऱ्यासारख्या जिल्ह्यात, जिथं महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि म्हसवडकडं जेमतेम पाचशेच्या आसपास, तिथं या प्राण्याला समजून घेणं म्हणजे आपल्या पाण्याचीच गोष्ट समजून घेणं आहे असं मला वाटतं.

आधी ओळखायचा कसा ते बघू. लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर, पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सात ते आठ सेंटिमीटर. चेहरा पिवळा, डोळे मोठे, लालसर तपकिरी आणि डोक्यावर एकमेकांना चिकटलेले. छाती सोनेरी पिवळट आणि तिच्यावर बारीक लव. पोट, म्हणजे ज्याला आपण शेपटी म्हणतो ते, पिवळं, वरच्या बाजूला मधोमध गडद खुणांची ओळ आणि टोकाकडं निमुळतं होत गेलेलं. नर वयात आला की त्याच्या पाठीवर नारिंगी-लाल झाक येते, मादी फिकटच राहते. पंख पारदर्शक, पुढच्या कडेला टोकाजवळ एक छोटा रंगीत ठिपका.

पण खरी खूण मागच्या पंखात आहे. मागचा पंख छातीला जिथं जोडलेला असतो तिथं तो खूपच रुंद असतो, एवढा रुंद की उडताना खालून बघितलं तरी कळतं. ही रुंदी हवेवर तरंगायला लागते. साधा चतुर सतत पंख मारतो, हा मात्र थोडे पंख मारतो आणि मग पसरलेल्या पंखांवर वाऱ्यात सरकत जातो, परत थोडे मारतो, परत सरकतो, त्यामुळं कमी ताकदीत तासन् तास हवेत राहू शकतो. याच्यासारखाच रुंद पंखाचा ट्रॅमिया नावाचा गट आपल्याकडं दिसतो, तो लांबून फसवतो, पण त्याच्या मागच्या पंखाच्या बुडाशी लालसर किंवा तपकिरी गडद पट्टा असतो, भटक्या चतुराला तिथं फार तर फिकट पिवळी छटा असते. आणि हा बसला तरी काडीला उभा लटकून बसतो, आडवा नाही. सांगलीत कृष्णेच्या घाटावर किंवा कॅनॉलच्या कडेला नारिंगी पंखाचे छोटे चतुर गवताच्या काडीवर बसलेले दिसतात ते वेगळे, ते पाण्याची कड फारशी सोडत नाहीत आणि घाण पाण्यातही तग धरतात. पंख मिटून बसणाऱ्या, डोळे एकमेकांपासून लांब असलेल्या नाजूक त्या टाचण्या, त्या चतुरांच्या जवळच्या नात्यातल्या पण गट वेगळा.

डोळ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला पाहिजे कारण चतुराचं जवळजवळ सगळं आयुष्य डोळ्यांवर चालतं. मोठ्या चतुरांच्या एका डोळ्यात तीस हजारांच्या आसपास छोटी छोटी भिंगं असतात, प्रत्येक भिंग थोड्या वेगळ्या दिशेला बघतं, त्यामुळं पुढं, वर, खाली, बाजूला आणि बरंचसं मागं एकाच वेळी दिसतं. डोळ्याचा वरचा भाग निळा आणि अतिनील प्रकाश टिपण्यात तरबेज, म्हणजे आभाळाच्या पार्श्वभूमीवर उडणारा चिलटाएवढा किडा त्याला स्पष्ट दिसतो. मग तो किड्याच्या मागं धावत नाही, किडा थोड्या वेळानं कुठं असेल तिकडं जातो आणि तिथं त्याला गाठतो. चतुरांच्या काही जातींवर झालेल्या अभ्यासात शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त झेपा यशस्वी झालेल्या आढळल्यात, वाघ-सिंहांना एवढं यश कधीच मिळत नाही. चारही पंखांचे स्नायू थेट पंखांच्या बुडाला जोडलेले असल्यानं प्रत्येक पंख स्वतंत्र हलवता येतो, म्हणून हवेत थांबणं, झटकन वळणं, अगदी मागं सरकणंसुद्धा जमतं. पाय मात्र चालायच्या कामाचे नाहीत, सहाही पाय काटेरी आणि पुढं झुकलेले, उडता उडता किडा त्यांच्यात अडकवायचा आणि हवेतच खायचा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून पंखाची वाळवी बाहेर पडते ना, तेव्हा चतुर कसे तुटून पडतात ते एकदा उभं राहून बघा.

आता राहण्याची जागा. कास पठारावर, चाळकेवाडीच्या पठारावर जांभ्या दगडाचा कातळ आहे, त्यावर माती अगदी पातळ, पाऊस पडला की कातळातले खळगे भरतात, कुठं बोटभर पाणी, कुठं गुडघाभर. हे पाणी पावसाळ्यात असतं आणि नंतर उन्हानं आटतं, म्हणून त्यात मासे नसतात. मासे नसणं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण चतुराच्या पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू मासा. जिथं वर्षभर पाणी तिथं मासे, जिथं मासे नाहीत तिथं पाणी टिकत नाही, आणि भटक्या चतुरानं यातलं दुसरं निवडलंय. पाटण-जावळीकडची भातखाचरं, ओढ्याच्या कडेची साचलेली पाणथळ, वाळू उपसून झालेले खड्डे, बांधकामाच्या साईटवरचा खड्डा, बैलगाडीच्या चाकोरीत साठलेलं पाणी थोडं जास्त दिवस टिकलं तर तेसुद्धा, सिमेंटचा उघडा हौद, हे सगळं त्याला चालतं. सांगलीकडं कृष्णेला पूर येऊन ओसरला की शेतात, सखल भागात पाणी तुंबून राहतं, माणसांसाठी तो त्रासच असतो, पण चतुराच्या मादीला वरून उडताना तिथं नवीन, उघडं, मासे कमी असलेलं पाणी दिसतं.

उडता उडता पाणी ओळखायचं कसं? इथं परत डोळे येतात. सूर्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी कंप पावत येतो, पण तो पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित झाला की त्यातला आडवा कंप पावणारा भाग जास्त उरतो. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, चतुरांना कळतो, आणि त्यांच्या मेंदूत तिथं पाणी असल्याचं पक्कं होतं. लाखो वर्षं ही खूण बरोबरच होती कारण निसर्गात दुसरा असा सपाट चकचकीत आडवा पृष्ठभाग फारसा नव्हताच. आता आहे. पार्किंगमधल्या गाडीचं गडद रंगाचं बॉनेट, सोलर पॅनल, शेतात अंथरलेला काळा प्लॅस्टिकचा कागद, सांडलेलं ऑईल. चतुर या सगळ्यांवर पाणी समजून येतात आणि गाडीच्या बॉनेटवर शेपटी टेकवत अंडी घालताना जगभर दिसलेत, तापलेल्या पत्र्यावर ती अंडी अर्थातच वाचत नाहीत. तुमच्या गाडीवर एखादा चतुर पुन्हा पुन्हा शेपटी आपटताना दिसला तर तो काय करतोय ते आता लक्षात येईल, गाडी सावलीत घेतली किंवा कापड टाकलं तरी पुरतं.

अंडी घालण्याआधीचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे, नीट सांगतो. नराचं वीर्य तयार होतं शेपटीच्या टोकाजवळ, पण मादीला द्यायचा अवयव असतो पोटाच्या सुरुवातीला, छातीच्या लगेच मागं. म्हणून नर आधी स्वतःची शेपटी वाकवून वीर्य टोकाकडून पुढच्या अवयवात आणून ठेवतो. मग शेपटीच्या टोकाच्या चिमट्यानं मादीला डोक्याच्या मागं पकडतो, मादी स्वतःची शेपटी खालून वळवून नराच्या त्या पुढच्या अवयवाला जोडते, आणि दोघांचं मिळून एक बंद कडं तयार होतं. चतुरांच्या बऱ्याच जातींत नर आधीच्या नराचं वीर्य काढून टाकतो किंवा बाजूला सारतो आणि मगच आपलं देतो. म्हणूनच भटक्या चतुराचा नर मीलनानंतरही मादीला सोडत नाही, पकडून ठेवूनच दोघं जोडीनं पाण्यावर उडतात आणि मादी पाण्याला शेपटी टेकवत टेकवत अंडी सोडते. पुढं एक मागं एक असे जोडलेले दोन चतुर डबक्यावर खालीवर करताना दिसले की अंडी घालणं चालू आहे असं समजायचं. एक मादी काहीशे ते दोन हजारापर्यंत अंडी घालू शकते, एकेक अंडं अर्ध्या मिलिमीटरएवढं.

आणि इथून पुढं घड्याळ सुरू होतं.

गरम पाण्यात चार-पाच दिवसांतच अंडी फुटतात. बाहेर येणारं पिल्लू, पुस्तकात डिंभक म्हणतात, चतुरासारखं अजिबात दिसत नाही, पंख नाहीत, फिकट हिरवट रंगावर तपकिरी ठिपके, सहा पाय आणि मोठे डोळे. फुलपाखरात अळी, मग कोष, मग फुलपाखरू असं असतं, चतुरात कोष नसतो. पिल्लू कात टाकत टाकत मोठं होतं, चतुरांमध्ये साधारण दहा-बारा वेळा, आणि शेवटच्या काही कातींमध्ये पाठीवर पंखांची छोटी पाकिटं दिसायला लागतात. पूर्ण वाढलं की अडीच सेंटिमीटरच्या आसपास.

हे पिल्लू श्वास घेतं गुदद्वारातून. आतड्याच्या शेवटच्या भागात आतल्या बाजूला कल्ले असतात, पिल्लू पाणी आत ओढतं, त्यातला ऑक्सिजन घेतं आणि पाणी बाहेर सोडतं. धोका वाटला की तेच पाणी जोरात मागं फेकतं आणि त्या धक्क्यानं स्वतः पुढं सटकतं. डबक्यातलं थोडं पाणी पांढऱ्या थाळीत घेऊन बघितलं तर हे डोळ्यांनी दिसतं, बघून झालं की परत तिथंच सोडा.

खाण्याची सोय त्याहून वेगळी. पिल्लाचा खालचा ओठ लांब असतो आणि त्याला मधे सांधा असतो, एरवी तो डोक्याखाली घडी घालून ठेवलेला, भक्ष्य टप्प्यात आलं की जेसीबीचा हात उघडावा तसा पुढं फेकला जातो, टोकाच्या आकड्यांत भक्ष्य धरतो आणि परत तोंडाशी आणतो, फक्त हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात होऊन जातं. डासांच्या अळ्या, बारीक पाणकिडे, छोटी बेडकाची पिल्लं, आणि काहीच नसेल तर स्वतःची भावंडंसुद्धा. बाकी बऱ्याच जातींची पिल्लं चिखलात किंवा पानाखाली दडून वाट बघतात, भटक्या चतुराचं पिल्लू मात्र उघड्यावर फिरून शोधून खातं. मासे असलेल्या तळ्यात असं फिरणं म्हणजे मरणच, पण याच्या डबक्यात मासे नाहीत, आणि जास्त फिरलं की जास्त खाणं, जास्त खाणं म्हणजे लवकर वाढणं. एवढं पळून पळून खाण्याचा परिणाम म्हणजे अंड्यातून बाहेर आल्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण ३८ ते ६५ दिवस, पाणी कोमट आणि खाणं भरपूर असेल तर लवकर. थंड देशांतल्या ओढ्यांत चतुरांच्या अशा जाती आहेत ज्यांची पिल्लं पाण्यात तीन-चार, पाच वर्षं काढतात, त्यांच्यापुढं हा वेग केवढा ते बघा. कासच्या कातळावरच्या खळग्यात जुलैत अंडी पडली तर सप्टेंबर संपायच्या आत चतुर बाहेर, आणि तोपर्यंत खळगा आटायला लागलेला असतो. पाऊस मधेच महिनाभर ओढ देऊन गेला आणि डबकं आधीच आटलं तर मात्र आतली सगळी पिल्लं मरतात, कारण या जातीच्या अंड्यांना किंवा पिल्लांना कोरड्या मातीत तग धरून पुढच्या पावसाची वाट बघता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बाहेर यायची वेळ बहुतेक रात्रीची. पिल्लू गवताच्या काडीवर, दगडावर, हौदाच्या भिंतीवर चढून पाण्याबाहेर येतं आणि घट्ट पकडून थांबतं. पाठीवरची कात डोक्यामागं फाटते, आधी छाती आणि डोकं बाहेर, मग पाय, आणि मग तो अर्धा बाहेर आलेला चतुर मागं झुकून तसाच लटकून राहतो, पाय कडक होईपर्यंत. नंतर झटक्यात पुढं येऊन जुन्या कातीला पकडतो आणि शेपटी ओढून काढतो. पंख तेव्हा चुरगळलेले, ओले असतात, त्यांच्या शिरांमधून अंगातलं द्रव्य ढकललं जातं आणि ते हळूहळू उलगडतात, मग शेपटी लांब होते. याला काही तास लागतात आणि या वेळात तो उडू शकत नाही, पळू शकत नाही, मुंग्या, कोळी, बेडूक, उजाडल्यावर पक्षी, कोणीही उचलून नेतं. रात्र निवडण्यामागं कारण हेच. सकाळी जी रिकामी कात काडीला चिकटलेली राहते तिच्या फाटलेल्या भागातून पांढरे बारीक दोरे लोंबताना दिसतात, बऱ्याच जणांना ते कोळ्याचं जाळं वाटतं, पण ते पिल्लाच्या श्वासनलिकांचं आतलं अस्तर असतं, कातीबरोबर तेही बाहेर निघतं.

आता मघाशी सांगितलेली गोष्ट. अंडी कोरड्यात टिकत नाहीत, पिल्लं टिकत नाहीत, आणि पावसाळा संपल्यावर आपल्याकडची डबकी आटणारच, मग जात टिकते कशी? उत्तर एकच, मोठा चतुर निघून जातो, जिथं त्या वेळी पाऊस चालू असेल तिथं. आपला पाऊस संपत आला की पावसाचा पट्टा हळूहळू दक्षिणेकडं सरकतो, विषुववृत्ताकडं आणि मग पूर्व आफ्रिकेकडं, आणि भटका चतुर त्या पट्ट्याबरोबर जातो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की जिथं गोडं पाणी जमिनीवर जवळजवळ नाहीच त्या बेटांवर दरवर्षी ऑक्टोबरमध्ये हजारोंनी चतुर येतात कुठून. त्यानं वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, दक्षिण भारतात कधी, मालदीवमध्ये कधी, सेशेल्समध्ये कधी, आफ्रिकेत कधी, आणि २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. दक्षिण भारतापासून मालदीव बेटं चारशे ते हजार किलोमीटर, आणि तिथून पुढं आफ्रिकेपर्यंत परत खूप मोठा समुद्र. खालचा वारा त्या दिवसांत उलटा असला तरी हजार मीटरच्या वर अनुकूल वारा मिळतो, त्या उंचीवर रुंद पंख पसरून ते सरकत जातात. पुढं आफ्रिकेतल्या पावसात अंडी, तिथं नवी पिढी, आणि मग उन्हाळ्याच्या शेवटी नैऋत्येच्या वाऱ्यांबरोबर परत भारताकडं. सगळा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा आणि तो पुरा करायला साधारण चार पिढ्या लागतात असा अँडरसनचा अंदाज. म्हणजे सप्टेंबरात म्हसवडच्या माळावरून जो निघाला तो स्वतः कधीच परत येत नाही, पुढच्या जूनमध्ये येतात ते त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या पिढीतले, ज्यांनी हा देश कधी बघितलेलाच नाही.

हे नुसतं तारखांवरून बांधलेलं नाही. पावसाच्या पाण्यात हायड्रोजनचे साधे आणि जड अणू असतात आणि त्यांचं प्रमाण जागेप्रमाणं बदलतं. पिल्लू ज्या पाण्यात वाढलं तिथलं प्रमाण त्याच्या पंखात येतं आणि एकदा पंख तयार झाला की तो बदलत नाही. म्हणून मोठ्या चतुराचा पंख तपासला की तो साधारण कुठल्या भागात जन्मला ते काढता येतं. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख असे तपासले, २०१२ साली त्याचा निष्कर्ष आला, आणि ते जवळच्या दक्षिण भारतातले नव्हते, उत्तर भारत आणि त्याच्याही पलीकडच्या भागातले निघाले. नंतर २०१६ मध्ये अमेरिका आणि आशियातल्या वेगवेगळ्या देशांमधल्या भटक्या चतुरांचा डीएनए तपासला तर तो इतका सारखा निघाला की इतक्या लांबच्या चतुरांची आपसात सरमिसळ होत असावी. हिमालयात सहा हजार मीटरच्या वर हा उडताना दिसलाय, आणि पॅसिफिकमधल्या एकट्या पडलेल्या ईस्टर बेटावर चतुरांची जी एकच जात आहे ती पण हीच.

याच सुमारास भारतातून आफ्रिकेकडं जाणारे काही पक्षीही आहेत, आमूर ससाणा त्यातला एक, हे पक्षी किडे खातात, आणि समुद्रावरून जाताना त्यांना वाटेत हवेतच हे चतुर खायला मिळत असावेत असं अँडरसननं सुचवलंय. आपला चातकही आफ्रिकेतून पावसाबरोबर येतो आणि नंतर जातो. मृगाच्या आधी वर चातक ओरडायला लागला आणि त्याच आठवड्यात माळावर पिवळे चतुर दिसले, यात माझ्या मते योगायोग फार कमी आहे, दोघंही त्याच वाऱ्यावर आलेले असतात. चतुर खाली उतरले की पाऊस येतो असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. चतुराला उद्याचा पाऊस कळतो असं मी म्हणणार नाही, पण पावसाच्या पट्ट्याबरोबर फिरणारा किडा दिसला म्हणजे तो पट्टा जवळ आहे, एवढा अर्थ त्यात नक्की आहे.

डासांचं विचारणारे खूप भेटतात. भटक्या चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातात आणि मोठे चतुर डास खातात, हे खरंय, आणि उघड्या डबक्यात चतुराची पिल्लं असतील तर तिथं डास बरेच कमी होतात. पण डेंग्यूचा डास घरातल्या कूलरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, टायरात, झाकण नसलेल्या पिंपात वाढतो, आणि अंडी घालून आठ-दहा दिवसांत बाहेरही पडतो. अशा घरातल्या पाण्यापर्यंत चतुर पोचत नाही, म्हणून ते पाणी आठवड्याला ओतून भांडं घासलंच पाहिजे, ते काम चतुरावर सोडू नका. माळावरचं, ओढ्याकाठचं डबकं मात्र दिसलं की औषध टाक किंवा ऑईल ओत असं करू नका, त्यात डासांबरोबर डास खाणारेही मरतात, आणि डास आठवड्याभरात परत येतो, चतुराच्या पिल्लाला परत मोठं व्हायला दीड-दोन महिने लागतात.

शेतातल्या औषधांचा विषय जास्त गंभीर आहे. तासगाव-पलूसकडं द्राक्ष, बाकी सगळीकडं ऊस, फवारणी भरपूर, आणि पावसानं ते सगळं वाहून सखल पाण्यात येतं. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड अशी औषधं पाण्यातल्या किड्यांच्या पिल्लांना फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. जपानमध्ये भातखाचरांत वाढणारा एक लाल चतुर एकेकाळी घरोघरी माहीत होता, तो झपाट्यानं कमी झाला त्यामागं भाताच्या रोपांना देतात त्या अशाच औषधांकडं तिथल्या शास्त्रज्ञांनी बोट दाखवलंय. भटका चतुर आज भरपूर दिसतोय म्हणून त्याला काही होणार नाही असं मानायला मी तयार नाही. फवारणीचा पंप डबक्यात किंवा ओढ्यात धुवायचा नाही, एवढं केलं तरी बराच फरक पडतो आणि त्याला खर्चही नाही.

पोरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवतात ते पण थांबवा, शेपटीतच त्याची श्वासाची छिद्रं, पचनाची नळी आणि प्रजननाचे अवयव असतात, दोरा आवळला की तो जगत नाही. पोरांना त्याऐवजी कात शोधायला लावा. ऑगस्टच्या मध्यापासून पुढं भातखाचराचा बांध, उघड्या हौदाच्या आतल्या भिंती, डबक्याकडंचं उभं गवत, पाण्यापासून वीतभर वर बघायचं, सकाळी आठच्या आत, कारण नंतर वाऱ्यानं आणि पावसानं काती पडून जातात. शेततळ्याच्या घसरड्या प्लॅस्टिकवर मात्र पोरांना उतरू देऊ नका, तिथं बाहेर यायला आधार नसतो.

फोटो काढणार असाल तर उडत्या चतुराच्या मागं लागून काही मिळत नाही, दुपारी ऊन फार झालं किंवा आभाळ भरून आलं की ते झुडपाच्या आतल्या काड्यांना लटकतात, तेव्हा काढा. एक वरून, मागच्या पंखाचं बूड स्पष्ट येईल असा, आणि एक बाजूनं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाईटवर तारीख आणि जागा टाकून अपलोड केला की ओळखायला मदत करणारे लोक तिथं आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरचे फोटो सगळेच काढतात, मेच्या शेवटचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातले, पाऊस सुरू व्हायच्या आधीचे, माण, खटाव, जत, आटपाडीकडचे असतील तर ते आवर्जून टाका, त्यांच्यावरूनच समुद्रापलीकडून येणारे आपल्या जिल्ह्यांत कधी पोचतात ते वर्षागणिक लावून बघता येईल.